भाऊ मालगाडीवर चढतोय आणि म्हणतो, ‘आईला सांगू नकोस’

पत्र : ‘माझा धाकटा भाऊ इलिनॉयमध्ये एमएस करतोय. वय २४. गेल्या महिन्यात त्याने मला एक व्हिडिओ पाठवला. मालगाडीच्या डब्याच्या टोकाला तो बसलाय, शेजारी एक गोरा मुलगा आणि त्याचा कुत्रा, खाली रूळ पळताहेत. म्हणाला, “ताई, इतकं मोकळं कधीच वाटलं नव्हतं.” आता मे महिन्यात परीक्षा संपली की शिकागोपासून सिएटलपर्यंत असंच जायचं त्याने ठरवलंय. आईबाबांना सांगायचं नाही म्हणून गळ्याची शपथ घातलीय. मला मात्र रोज मेसेज करणार, आणि तीन दिवस मेसेज आला नाही तर “तू काहीतरी कर” म्हणतो. ही मुलं नशेडी असतात का? तो वाईट संगतीला लागलाय का? शपथ मोडू की गप्प बसू? रात्र रात्र झोप लागत नाही.’
— एक धास्तावलेली ताई, नाशिक

ताई,

शपथेचं आधी उरकून टाकू. गळ्याची शपथ मोडली म्हणून आजवर कुणाचं काही वाकडं झालेलं नाही. चालत्या वाघिणीवरून, म्हणजे मालडब्यावरून, पाय घसरला म्हणून झालेलं आहे. तेव्हा शपथेला तुमच्या मनात जेवढं वजन आहे त्यातलं निम्मं आजच उतरवा. तरीही मी तुम्हाला लगेच आईबाबांकडे धाव घ्या असं म्हणणार नाही. आज सांगितलंत तर काय होईल ते आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. व्हिडिओ कॉल, बाबांचा आरडाओरडा, आईचं रडं, ‘परत ये’, आणि मग भाऊ तुम्हालाही काही सांगेनासा होईल. तो जाईलच, फक्त आता कुणालाच कळणार नाही. मे महिना अजून यायचाय. तेवढा वेळ तुमच्या हातात आहे, तो वापरू.

तुम्ही संगतीचं विचारलंत. अमेरिकेत मालगाडीवर फुकट चढून फिरणं हे काही आजचं खूळ नाही. १८६५ साली तिथलं यादवी युद्ध संपलं, तेव्हापासून कामाच्या शोधात माणसं असा प्रवास करताहेत. १९३०च्या महामंदीत तर अंदाजे अडीच लाख अल्पवयीन मुलंमुली या गाड्यांवर होती. घरात खाणारी तोंडं जास्त झाली म्हणून बाहेर पडलेली. आज चढणाऱ्यांत अगदी तशी गरज असलेले थोडे. काही घर सोडून आलेली विशीतली पोरं असतात, ठिगळं लावलेले काळे कपडे, अंगावर आठवड्यांचा मळ, सोबत कुत्रा आणि एखादा बँजो. काही चक्क नोकरदार असतात, सुट्टी टाकून दोन दिवसांसाठी चढतात आणि सोमवारी ऑफिसात हजर. या वर्तुळात दारू आहे, दारूपेक्षा वाईट गोष्टीही आहेत. नाही म्हणून तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पण त्यांचे अलिखित नियमही आहेत. कंटेनरचं सील तोडायचं नाही, माल चोरायचा नाही, कचरा टाकायचा नाही, कुठून चढलो ते गावभर सांगायचं नाही. कुठल्या गावात गाडीचे ड्रायव्हर बदलतात, म्हणजे गाडी कुठे थांबते, याच्या झेरॉक्स काढलेल्या याद्या वर्षानुवर्षं हातोहात फिरल्या.

त्याला यात काय दिसलं असेल, तेही समजून घ्या, नाहीतर तुमचं बोलणं त्याला भिंतीआडून आल्यासारखं वाटेल. आयोवा राज्यात ब्रिट नावाचं छोटंसं गाव आहे. तिथे १९०० सालापासून या भटक्यांचं संमेलन भरतं. दर ऑगस्टला त्यांचा राजा आणि राणी निवडतात, मोठ्या पातेल्यात मिळेल ते घालून रस्सा शिजतो, आणि गेलेल्यांसाठी तिथल्या दफनभूमीत एक कोपरा राखून ठेवलाय. डब्यांवरची चित्रं ही आणखी एक गंमत. खडूने किंवा तेलखडूने काढलेल्या या खुणा नुसत्या भटक्यांच्या नसतात, रेल्वेचे कामगारही त्या काढत आले. सेंट लुईसच्या यार्डातल्या एका कामगाराने वर्षानुवर्षं एकच चित्र डब्यांवर काढलं: ताडाच्या झाडाखाली मोठी टोपी डोळ्यांवर ओढून झोपलेला माणूस. तो माणूस त्या यार्डात बसून होता आणि त्याचं चित्र सगळा देश फिरून आलं. असलं काही ऐकलं की चोविशीतल्या मुलाचा जीव अडकणारच. माझाही अडकतो.

म्हणून म्हणते, संगतीची चिंता सध्या बाजूला ठेवा. त्या कुत्रेवाल्या मुलापेक्षा मला लोखंडाची भीती जास्त वाटते.

माझे मामा भुसावळला मालगाडीवर गार्ड होते. गार्डाचा डबा अगदी शेपटाला. ते सांगायचे, ड्रायव्हरने गाडी उचलली की पुढून आवाज येऊ लागतो, धड्, धड्, धड्, एकेका वाघिणीचा, आणि तो आपल्यापर्यंत पोचायच्या आत हाताला लागेल ते घट्ट धरायचं. हातात चहा असला तर तो अंगावर. दोन डब्यांमधल्या जोडणीत काही इंचांची मोकळीक असते. एका जोडणीला ती किरकोळ वाटते, पण शंभर-दीडशे डबे असले की सगळी मिळून शेपटापर्यंत दणका होऊन पोचते. अमेरिकेत दीड-दोन मैल लांबीच्या मालगाड्या आता नेहमीच्या झाल्यात. मामा बंद डब्यात, बाकाला धरून. तुमचा भाऊ उघड्यावर.

व्हिडिओचं वर्णन वाचून तो कुठे बसला होता याचा अंदाज येतो. धान्य वाहणाऱ्या हॉपर डब्याचं टोक तिरकं असतं, आणि त्या उताराखाली एक छोटी ओसरी तयार होते. वाऱ्यापासून आडोसा, बाहेरून दिसत नाही, म्हणून सगळ्यांची आवडती जागा. पण ती ओसरी म्हणजे चाकांच्या वरची एक लोखंडी पट्टी आहे. पाय लांब केले की खाली थेट रूळ, हात लांब केला की जोडणी. दणका आला तेव्हा माणूस उभा असेल, पाठीवरची सॅक सावरत असेल, झोपेत कूस बदलत असेल, तर संपलं. कंटेनरच्या डब्यांची तऱ्हा आणखी वेगळी: काहींना तळ असतो, काहींना नुसत्या आडव्या पट्ट्या, आणि रात्रीच्या अंधारात चढणाऱ्याला ते चढल्यावरच कळतं.

आणि त्याने निवडलेला रस्ता. शिकागोहून सिएटलला जाणाऱ्या उत्तरेकडच्या मार्गावर दोन प्रचंड बोगदे लागतात. मोंटानातला फ्लॅटहेड बोगदा सुमारे ११ किलोमीटरचा. वॉशिंग्टन राज्यातला कॅस्केड बोगदा त्याहून लांब, साडेबारा किलोमीटरचा, १९२९ साली सुरू झालेला. इंजिनं डिझेलची, तीही अनेक, काही तर गाडीच्या मध्ये आणि मागे लावलेली. कॅस्केडमध्ये धूर इतका साठतो की बोगद्याच्या तोंडाला दरवाजा आणि अजस्र पंखे बसवावे लागलेत. एक गाडी गेली की धूर हुसकायचा, मग दुसरी सोडायची. बंद डब्यातल्या प्रवाशाला यातलं काही जाणवत नाही. ओसरीवर बसलेल्याला तोंडाला ओला रुमाल बांधून जेवढा श्वास मिळेल तेवढा. गाडी आतच थांबली तर काय, हा प्रश्न त्याला विचारा. मुद्दाम विचारा. त्याने याचा विचार केला नसेल असं नाही, पण उत्तर देताना तो अडखळेल.

बाकीचं थोडक्यात. मालगाडीला घाई नसते. दुसऱ्या गाडीला वाट द्यायला ती आडरानात साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, तासन् तास उभी राहते, तेवढ्यात जवळचं पाणी संपतं. मे महिन्यात रॉकी पर्वतात रात्री बर्फ पडू शकतं. आणि अनुभव म्हणजे चिलखत नव्हे: या प्रवासाचे व्हिडिओ करून जगभर लोकप्रिय झालेला, वर्षानुवर्षं मालगाड्यांवर काढलेला एक तरुण २०१७ साली मेरीलँडमध्ये प्रवासी गाडीखाली गेला. तुमच्या भावाने त्याचे व्हिडिओ नक्की पाहिले असणार. अमेरिकेत रुळांवर बेकायदा शिरून दरवर्षी चारशेहून जास्त लोक मरतात, आत्महत्या सोडून. त्यातले बहुतेक मालगाडीवर चढणारे नसतात, रूळ ओलांडणारे असतात, हेही सांगितलं पाहिजे. भावाला आकडा सांगाल तर हे वाक्य गाळू नका. तो शोधून काढेल आणि मग तुमचं बाकीचंही खोटं ठरवेल.

आता ज्याचा तो खरोखर विचार करत नसावा, ते. त्याच्या शेजारचा मुलगा गोरा आहे आणि अमेरिकन नागरिक आहे. यार्डात रेल्वेच्या पोलिसाने पकडलं तर त्या मुलाला समज मिळेल, दंड होईल, फार तर एक रात्र कोठडी. बहुतेक राज्यांत हा गुन्हा किरकोळच धरतात. तुमच्या भावासाठी मात्र किरकोळ असं काही नसतं. तो एफ-१ म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर आहे. पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जात ‘तुम्हाला कधी अटक झाली आहे का’ हा प्रश्न असतो, शिक्षा झाली की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. २०२५च्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी एका झटक्यात रद्द झाल्या, त्यांत कित्येकांचा पोलिसांशी संबंध वाहतुकीच्या दंडापलीकडे गेला नव्हता. कोर्टकचेऱ्या झाल्यावर त्या नोंदी पूर्ववत झाल्या, पण मधले आठवडे त्या मुलांनी कसे काढले असतील! उत्तरेकडचा मार्ग कॅनडाच्या सीमेच्या फार लांब नाही, आणि चुकीची गाडी पकडली तर माणूस कुठे जाऊन पोचेल याची खात्री नसते, हेही त्यातच धरा.

रंगाचंही बोलायला हवं. १९३१ साली अलाबामात एका मालगाडीवर कृष्णवर्णीय आणि गोऱ्या पोरांची मारामारी झाली. पुढच्या स्टेशनवर नऊ कृष्णवर्णीय मुलांना उतरवून घेतलं, गाडीत सापडलेल्या दोन गोऱ्या मुलींवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप त्यांच्यावर ठेवला, आणि त्यांतल्या आठ जणांना काही दिवसांत फाशीची शिक्षा सुनावली. फाशी टळली, पण तुरुंगात वर्षं गेली. शेवटच्या तिघांना माफी मिळाली ती २०१३ साली, मेल्यानंतर. स्कॉट्सबरोचा खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. काळ बदललाय, मान्य. पण मध्यरात्री यार्डात टॉर्चच्या उजेडात सापडलेला सावळा, दाढीवाला, परदेशी उच्चाराचा मुलगा आणि त्याचा गोरा मित्र, यांच्याकडे तो टॉर्च सारख्याच नजरेने बघेल असं मला वाटत नाही. ‘मोकळं वाटणं’ दोघांचं सारखं असेल, मोजावी लागणारी किंमत सारखी नाही.

मेक्सिकोत मालगाड्यांच्या टपावर बसून उत्तरेकडे जाणारे मध्य अमेरिकेतले लोक तर मोकळं वाटावं म्हणून चढतच नाहीत. कितीजण हातपाय गमावतात. व्हेराक्रूझ राज्यातल्या ला पात्रोना गावच्या बायका १९९५ पासून रुळांच्या कडेला उभ्या राहून धावत्या गाडीवरच्या या अनोळखी माणसांना भात, घेवड्याची उसळ, टॉर्टिया पिशवीत बांधून देतात. पाण्याच्या बाटल्या दोन-दोन दोरीने जोडलेल्या, म्हणजे वरच्याला पटकन पकडता याव्यात. भावाने या बायकांबद्दल वाचावं असं मला फार वाटतं. हे त्याला लाज वाटावी म्हणून सांगू नका हं. नुसतं पाठवा.

आता तुम्हाला दिलेलं काम. तीन दिवस मेसेज आला नाही तर ‘काहीतरी कर’. काय करणार तुम्ही? नाशिकमध्ये बसून? मोंटानात बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नाही, मालगाडीत चार्जर नाही, तेव्हा तीन दिवसांची शांतता अगदी नेहमीची असू शकते. किंवा तो पहिल्याच रात्री कुठल्यातरी यार्डात जखमी होऊन पडलेला असू शकतो. तुमच्याकडून दोन्ही सारखंच दिसेल. गाडीचा नंबर माहीत नाही, कंपनी नक्की नाही, ती गाडी मध्येच तोडून दुसरीला जोडली असेल. कुठल्या राज्यातल्या कुठल्या पोलिसाला फोन लावणार? हे काम कुणालाच जमणारं नाही, आणि त्याने ते तुमच्या उशाशी आणून ठेवलंय. तुमची झोप शपथेने नाही उडाली, याने उडाली. मायेपोटी बहिणी अशी कामं अंगावर घेतात आणि भावांना ते कळतही नाही, याचा मला राग आहे, पण तो तूर्त गिळते.

तेव्हा ते काम परत करा. फोनवर नको, फोनवर तो हसण्यावारी नेईल आणि तुम्ही रडाल. लिहून पाठवा. मी असं काहीसं लिहिलं असतं:

‘तू मला सांगितलंस, बरं वाटलं. तुझा व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिलाय आणि मलाही तिथलं आभाळ आवडलं. पण तुझ्या तीन दिवसांच्या गप्प बसण्यावर पहारा देणं मला जमणार नाही. तू हरवलास तर तुला शोधायचं कुठे, हे मला माहीत नाही आणि तुलाही नाही. म्हणून आधीच सांगते : तू मे महिन्यात मालगाडीवर चढलास, तर त्याच दिवशी मी आईबाबांना सांगणार. तुझ्या पाठीमागे नाही, तुला सांगून. चढायच्या आधी युनिव्हर्सिटीच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन एवढं विचारून ये, की रेल्वेच्या हद्दीत शिरल्याबद्दल अटक झाली तर माझ्या व्हिसाचं काय होतं. तुझं नाव न घेता विचार. ते काय म्हणाले ते मला कळव.’

शेवटची ओळ महत्त्वाची आहे. घरच्यांनी सांगितलेलं त्याला बायकी भीती वाटेल, ऑफिसातल्या बाईने कोऱ्या चेहऱ्याने सांगितलेलं वाटणार नाही.

त्याचबरोबर त्याच्यापुढे काहीतरी ठेवाही. शिकागो ते सिएटल ‘एम्पायर बिल्डर’ नावाची ॲमट्रॅकची प्रवासी गाडी रोज जाते. साधारण दोन रात्रींचा प्रवास, तोच मार्ग, ग्लेशियर नॅशनल पार्कला लागून, तेच दोन्ही बोगदे. तो म्हणेल ती मजा नाही त्यात. खरंच नाही, वाद घालू नका. तिकीट तुम्ही काढून देते म्हणा. शिकागोपासून पश्चिमेला रोशेल या गावात दोन मोठ्या कंपन्यांचे रूळ एकमेकांना छेदून जातात आणि तिथे गावाने मालगाड्या बघणाऱ्यांसाठी मुद्दाम बाग केलीय. दिवसभर बसावं, मोजदाद करावी, डब्यांवरची चित्रं टिपावीत. ऑगस्टमध्ये ब्रिट आहेच. तिथे उभं आयुष्य रुळांवर काढलेली म्हातारी माणसं भेटतील, ती त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा खरं सांगतील. आणि सुट्टीत घरी आला की कोलाडला न्या त्याला. कोकण रेल्वेची रो-रो सेवा १९९९ पासून चालू आहे: भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवतात आणि ड्रायव्हर-क्लीनर आपापल्या केबिनमध्ये बसून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत जातात. मालगाडीवरून कायदेशीर प्रवास करणारी माणसं आपल्याकडेच आहेत, आणि कुणाही ट्रकवाल्याला विचारा, ते झोप काढतात.

इथे एक सूचना बाकीच्या वाचकांसाठी, कारण हे वाचून कुणाला मनमाडला जाऊन बघावंसं वाटेल. आपल्या बहुतेक मार्गांवर डोक्यावर २५,००० व्होल्टची तार आहे. उभ्या वाघिणीवर नुसतं सेल्फीसाठी चढलेली मुलं गेली आहेत, तारेला हात न लावता. अमेरिकेत मालगाड्यांच्या मार्गांवर सहसा ही तार नसते. तिथलं बघून इथे करू नका.

आणि ताई, एवढं करूनही तो चढला, तर शब्द पाळा, त्याच दिवशी घरी सांगा. त्याआधी त्याच्या पासपोर्टची प्रत, शिकागोच्या भारतीय वकिलातीचा नंबर, त्याच्या त्या मित्राचं पूर्ण नाव आणि फोन एवढं मागून ठेवा. हे द्यायला तो नाही म्हणाला तर तेही आईबाबांना सांगण्यासारखंच आहे. सांगायला बाबांना आधी घ्या, एकटे असताना, बसलेले असताना. आईला व्हिडिओ दाखवू नका. बाबांना दाखवलात तरी चालेल.